उभा मका, ओतलेला मका: अमेरिकेत हरणांसाठी पेरणी कशी सुरू झाली

जानेवारीत इलिनॉय किंवा आयोवाच्या ग्रामीण भागातून गाडीने जाताना दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल मोकळी रानं दिसतात. मका आणि सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरातच काढून झालेले असतात. मागे उरतात ती धसकटं आणि बर्फ. अशात एखाद्या ओढ्याकाठी, झाडीला लागून, एक-दोन एकर मका कणसांसकट तसाच उभा असतो आणि शेजारी शेंगा धरून वाळलेलं सोयाबीन. मजूर मिळाले नाहीत किंवा मालक आजारी पडला म्हणून हे पीक राहिलेलं नसतं. ते पेरलेलंच असतं हरणांसाठी. तिकडे याला फूड प्लॉट म्हणतात.

रोही आणि रानडुकरांपासून सोयाबीन वाचवायला रात्र रात्र जागणाऱ्या आपल्या विदर्भातल्या शेतकऱ्याला हे चमत्कारिक वाटेल. जनावरानं पीक खाऊ नये म्हणून इथे आटापिटा, आणि तिथे त्यानं खावं म्हणून बी, खत, डिझेल यांवर खर्च. पण या हौसेमागे शंभरएक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या सगळ्या काळात एकच वाद पुन्हा पुन्हा निघालेला दिसतो. रानातल्या जनावराला आयतं खायला घालावं, की त्याला लागेल ते जमिनीत उगवू द्यावं? शिकारीच्या कायद्यात या वादाचं अगदी ठोस रूप आहे: जमिनीवर ओतलेला मका, जो आमिष म्हणून काही राज्यांत बंद आहे, आणि शेतात उभा असलेला मका, जो शेती म्हणून बहुतेक ठिकाणी चालतो.

युरोपीय लोक येण्याआधीही अमेरिकेतली हरणं माणसाच्या शेतीशी जोडलेली होती. ईशान्येकडचे मूलनिवासी जंगलातली खालची झुडपं ठरावीक काळाने जाळत. त्यामुळे कोवळा पाला फुटे आणि त्यावर हरणं येत. मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावण्याची त्यांची पद्धत होती. अशा शेताच्या कडेला येणारं जनावर म्हणजे नुकसान आणि शिकार दोन्ही. पिकाची राखण करता करताच मांसाची सोय होत असे.

पुढे वसाहतींच्या काळात हरणाच्या कातड्याचा मोठा व्यापार चालला. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, शहरांतल्या बाजारांत रानातलं मांस विकायला जाऊ लागलं, आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा जवळजवळ निकाल लागला. १९०० च्या सुमारास साऱ्या देशात तीन ते पाच लाख हरणं उरली असावीत असा अंदाज आहे. आयोवात १८९८ मध्ये हरणाची शिकार बंद करावी लागली, इलिनॉयमध्ये १९०१ मध्ये. अवैध शिकारीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याला १९०० च्या लेसी कायद्याने चाप लावला. तो मांडणारे जॉन लेसी हे आयोवाचेच खासदार. आज मक्याच्या पट्ट्यात गल्लोगल्ली दिसणारी हरणं दोन पिढ्या तिथे जवळपास नव्हतीच, हे तिथल्या तरुण शेतकऱ्यांनाही खरं वाटत नाही.

हरणं परत कशी आली, हे सांगताना आयोवात जन्मलेले वन्यजीव-तज्ज्ञ आल्डो लिओपोल्ड यांना टाळता येत नाही. १९२८ ते १९३१ या काळात त्यांनी मध्य-उत्तर राज्यांत फिरून रानातल्या पशुपक्ष्यांची पाहणी केली. शेती जितकी ‘स्वच्छ’ होत चाललीय, बांध आणि झुडपं जितकी साफ होतायत, तितकी जनावरं कमी होतायत, हे त्यांनी नोंदवलं. १९३१ मध्येच विस्कॉन्सिनच्या डेन काउंटीत रायली या छोट्या वस्तीत त्यांनी शेतकरी आणि शहरातले शिकारी यांची एक सहकारी मंडळी उभी केली. शहरवाल्यांनी पैसे द्यायचे, शेतकऱ्यांनी जमीन, आणि लावे-फेझंट पक्ष्यांसाठी आडोसा व हिवाळ्याचं खाणं राखायचं. आजच्या फूड प्लॉटचं मूळ मला तिथे दिसतं. लक्षात घ्यावं ते हे की सुरुवात हरणांपासून झालीच नाही, पक्ष्यांपासून झाली.

१९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर थेट राज्यांच्या वन्यजीव कामाकडे वळवला (लांब बंदुकांवर आज तो ११ टक्के आहे). या पैशातून हरणं पकडून जिथे संपली होती तिथे सोडली गेली, जमिनी घेतल्या गेल्या, वन्यजीव अधिकारी नेमले गेले. आयोवात १९५३ साली आणि इलिनॉयमध्ये १९५७ साली शिकारीचा हंगाम पुन्हा उघडला. आता देशभरात हरणांची संख्या अडीच ते तीन कोटींच्या घरात मानली जाते.

याच काळात शेताचाही चेहरा बदलला. तीसच्या दशकात संकरित मका पसरला. दुसऱ्या महायुद्धात तेलाची टंचाई झाली आणि तोवर बहुतांशी चारा म्हणून घेतलं जाणारं सोयाबीन तेलबियांचं पीक झालं. ओट, कुरणं, गवताची रानं मागे पडली आणि एक वर्ष मका, एक वर्ष सोयाबीन ही फेरपालट पक्की झाली. ही दोन पिकं आज साधारण १७ ते १८ कोटी एकरांवर असतात. म्हणजे हरणांसाठी मुद्दाम कोणी काही पेरण्याच्या आधीच त्यांना जगातलं सर्वांत मोठं ताट वाढून ठेवलं होतं. (आपल्याकडचं सोयाबीनही याच पट्ट्यातून आलं म्हणायला हरकत नाही. साठच्या दशकात इलिनॉय विद्यापीठाने पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांबरोबर काम केलं, तिथून पीक मध्य प्रदेशात रुजलं आणि पुढे विदर्भ-मराठवाड्यात पसरलं.)

वाद पेटला तो विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात. तिथे हिवाळ्यात हरणं उपाशी मरत होती, आणि लोकांच्या दबावाखाली सरकार त्यांना चारा टाकत होतं. लिओपोल्ड यांनी याला विरोध केला. रानात जेवढं खाणं आहे त्यापेक्षा हरणं जास्त झालीत, चारा टाकून ती आणखी वाढतील आणि उरलेली झाडीही संपवतील, माद्यांचीही शिकार होऊ द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. १९४३ पासून ते राज्याच्या संवर्धन आयोगावर होते, आणि या मतापायी त्यांनी खूप शिव्या खाल्ल्या. माझ्या मते ते बरोबर होते. नुसती माया करून हरणांचं भलं होत नाही, हे सांगायला तेव्हा धाडस लागत होतं.

चारा टाकण्यातला धोका हरणाच्या पोटात आहे. हरीण गाईसारखं रवंथ करतं. हिवाळ्यात ते डहाळ्या आणि कळ्या खात असतं आणि त्याच्या पहिल्या पोटातले जिवाणू तेवढ्यासाठीच तयार झालेले असतात. अशात कोणी भुकेल्या हरणापुढे पोतंभर मका ओतला की त्या पिठूळ दाण्यांचं झपाट्याने आंबवण होतं, आम्ल वाढतं, आणि एक-दोन दिवसांत जनावर मरू शकतं. पोट भरलेलं असतं आणि तरी हरीण मेलेलं असतं. उभ्या पिकात हा धोका कमी, कारण हरणं कणीस भरत असल्यापासून तिथे येत असतात आणि पोटाला हळूहळू सवय होते.

सत्तरच्या दशकात गोष्ट सरकारी जमिनीवरून खासगी जमिनीवर आली. टेक्सासमधल्या अल ब्रदर्स आणि मर्फी रे या जीवशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये मांडलं की दिसेल तो नर मारण्यापेक्षा कोवळे नर सोडावेत, पुरेशा माद्या माराव्यात आणि रानातलं खाणं सुधारावं. १९८८ मध्ये साउथ कॅरोलायनात जो हॅमिल्टन यांनी हाच विचार धरून संघटना काढली. त्याच वर्षी अलाबामात रे स्कॉट यांनी खास हरणांसाठीचं क्लोव्हर (चाऱ्याचं एक द्विदल पीक) बाजारात आणलं. शेतकऱ्याला नव्हे, शिकाऱ्याला बियाणं विकायचं, ही कल्पना तिथून पक्की झाली. पाठोपाठ बियाणांच्या पिशव्यांवर भल्यामोठ्या शिंगांचे फोटो झळकू लागले. इलिनॉयची पाइक काउंटी, विस्कॉन्सिनची बफेलो काउंटी अशा ठिकाणी शिकारीसाठी जमीन भाड्याने देणं हा जोडधंदा झाला.

मका-सोयाबीनला या बाजारात खरा जोर आला तो १९९६ नंतर, ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणारं सोयाबीन आल्यावर. सप्ताहअखेरीला शहरातून येणाऱ्या माणसाकडे कोळपणीला ना वेळ असतो ना अवजारं. आता एक फवारणी केली की तण गेलं. शिवाय गेल्या हंगामातलं न विकलेलं बी नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशनसारख्या संस्थांमार्फत वन्यजीवांसाठी स्वस्तात मिळू लागलं. अट एवढीच की त्याचं पीक काढून विकायचं नाही.

दोन्ही पिकं एकमेकांना पूरक आहेत, म्हणून ती जोडीने लावतात. एप्रिल ते ऑगस्ट नराची शिंगं वाढत असतात, माद्या दूध पाजत असतात, आणि तेव्हा सोयाबीनचा कोवळा पाला प्रथिनांनी भरलेला असतो. सप्टेंबरात पानं पिवळी पडली की हरणं एकदम पाठ फिरवतात. डिसेंबरात तीच हरणं वाळलेल्या शेंगांसाठी परत येतात, कारण बर्फातही शेंगा वर राहतात. मका थंडीत ऊब टिकवणारं पिष्ट देतो आणि वाऱ्यापासून आडोसाही.

मात्र सोयाबीनचा तुकडा लहान असेल तर शेंगा धरेपर्यंत काही उरतच नाही. उगवून आलेल्या रोपाचा दोन दलांच्या खाली घास गेला की ते रोप संपलं. नुकसान कोणी केलं हे देठ बघून कळतं. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे देठ ओरबाडल्यासारखा फाटतो. सशाने खाल्लेला देठ चाकूने तिरका कापल्यासारखा दिसतो. म्हणून पुष्कळ लोक हरणांसाठीच पेरलेल्या सोयाबीनला उन्हाळाभर विजेचं कुंपण घालतात आणि शिकारीच्या हंगामात ते उघडतात. आपल्याकडे बांधावर झटका मशीन लावतात तेच तंत्र, फक्त शेवटी दार उघडायचं.

मग आला रोग. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनांमुळे होणारा, हमखास जीव घेणारा रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोत पिंजऱ्यातल्या हरणांत प्रथम दिसला. फेब्रुवारी २००२ मध्ये तो मिसिसिपी नदीच्या पूर्वेला पहिल्यांदा सापडला, डेन काउंटीतल्या माउंट होरेबजवळ. म्हणजे लिओपोल्ड यांच्या रायलीपासून काही मैलांवर. लाळ, मलमूत्र आणि माती यांतून तो पसरतो, आणि मातीत प्रायॉन वर्षानुवर्षं टिकतात. त्यामुळे एका ढिगावर वीस हरणांनी तोंड घालणं ही आता केवळ सवयीची किंवा खिलाडूपणाची बाब राहिली नाही. इलिनॉयने हरणांना खाऊ घालण्यावरच बंदी आणली, मिशिगनने २०१९ मध्ये राज्याच्या दक्षिणेकडच्या साऱ्या द्वीपकल्पात (लोअर पेनिन्सुला) आमिष टाकणं बंद केलं. टेक्सासमध्ये मात्र खासगी जमिनीवर मका टाकून शिकार करणं आजही चालतं. उभ्या पिकाला बहुतेक ठिकाणी मोकळीक राहिली, कारण ती शेतीच आहे.

हा फरक मला पटतो. पाच एकरांत पसरलेलं पीक आणि एका जागी रोज भरला जाणारा ढीग यांत नाकाला नाक लागण्याचा धोका सारखा नाही. पण फूड प्लॉटवाले कधी कधी तो फरक फार ताणतात. छोट्या तुकड्यावर, कडाक्याच्या थंडीत, आसपास काहीच नसताना पाच मैलांतली हरणं एकवटली, तर पीक उभं असल्याने रोग थांबत नाही. आणि खाणं वाढवलं तर हरणंही वाढतात, हे लिओपोल्ड यांचं म्हणणं पेरलेल्या मक्यालाही तितकंच लागू आहे. फूड प्लॉटच्या मूळ विचारात पेरणी आणि माद्यांची शिकार या दोन गोष्टी बरोबरीने होत्या. पेरणी लोकांनी आनंदाने उचलली. दुसरी गोष्ट विस्कॉन्सिनने नियम करून पाहिली: १९९६ पासून काही भागांत आणि पुढे रोगग्रस्त पट्ट्यातही, आधी मादी किंवा बिनशिंगाचं हरीण मारल्याशिवाय शिंगांचा नर मारायचा नाही असा नियम लावला. हरणं त्याने कमी होत होती. शिकाऱ्यांना तो अजिबात आवडला नाही, आणि २०११ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने तो रद्द केला.