राखीव रिसीव्हरची किंमत कशी ठरवायची?

मॅक हॉलिन्स हा अमेरिकन फुटबॉलमधला वाइड रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलून पुढे नेणारा खेळाडू. अमेरिकेत तो ओळखला जातो तो बऱ्याचदा अनवाणी पायांनी स्टेडियमवर येणारा खेळाडू म्हणून. खेळाचं म्हणाल, तर २०२२ मध्ये लास व्हेगस रेडर्सकडून त्याने ५७ झेल घेऊन ६९० यार्डांची आगेकूच केली. पुढच्या वर्षी अटलांटा फाल्कन्सकडे गेला आणि थेट १८ झेलांवर आला, टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण) एकही नाही. मार्च २०२४ मध्ये बफलो बिल्सनी या तिशीतल्या वाइड रिसीव्हरशी एका वर्षाचा करार केला, जास्तीत जास्त २६ लाख डॉलरचा. हा सौदा महाग होता की स्वस्त?

झेल मोजून उत्तर काढायला गेलं की संख्याशास्त्र आडवं येतं. राखीव रिसीव्हरच्या दिशेने हंगामभरात पन्नासेक चेंडू येतात. समजा, दहापैकी सहा झेलावेत एवढं त्याचं कसब आहे. मग पन्नासात ३० झेल व्हावेत. पण एवढ्या थोड्या चेंडूंत निव्वळ योगायोगानेच हा आकडा साधारण साडेतीनने खाली-वर होतो. तेच हात, तेच पाय. तरी एका वर्षी २६ झेल आणि दुसऱ्या वर्षी ३४ झाले तर त्यात नवल काहीच नाही. बातम्यांत मात्र पहिल्या वर्षी तो 'संपला' आणि दुसऱ्या वर्षी 'परतला'! शिवाय चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक बदलला, तर सगळंच गणित बदलतं.

म्हणून आधी वेगळा प्रश्न विचारावा: हा नसता तर कोण खेळला असता, आणि किती पैशांत? २०२४ मध्ये सात किंवा अधिक हंगाम खेळलेल्याचं किमान वेतन १२ लाख १० हजार डॉलर होतं. म्हणजे खरा वाद वरच्या जेमतेम १४ लाखांचा. संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, त्या वर्षी २५ कोटी ५४ लाख डॉलर होती. पूर्ण रक्कम धरली तरी हॉलिन्सचा वाटा एक टक्क्याच्या आसपास.

या किमान वेतनातही एक मजेदार सवलत आहे. अनुभवी खेळाडू किमान वेतनावर एका वर्षासाठी आला, तर त्याला पूर्ण पैसे मिळतात, पण कॅपमध्ये फक्त दोन हंगाम खेळलेल्याचं किमान वेतन मोजलं जातं. २०२४ मध्ये ९ लाख ८५ हजार. ही सोय नसती, तर स्वस्तातल्या पोरांपुढे जुन्याजाणत्यांना कोणी विचारलंच नसतं.

आता झेलांच्या रकान्यात कधीच न दिसणारं काम. संघात ५३ जण असतात, पण सामन्याच्या दिवशी फार तर ४८ जणांनाच उतरवता येतं. पाचव्या रिसीव्हरला त्यात जागा हवी असेल, तर स्पेशल टीम्समध्ये, म्हणजे चेंडू लाथेने मारायच्या डावांत उतरणाऱ्या तुकड्यांमध्ये, राबावं लागतं. पंटच्या वेळी, म्हणजे चेंडू लाथेने प्रतिस्पर्ध्याकडे दूर उडवताना, कडेला उभा असतो तो गनर. चेंडू साडेचार सेकंदांच्या आसपास हवेत असतो. तेवढ्यात अंगावर आलेल्या एकाला, कधी दोघांना चुकवून चाळीसेक यार्ड धावायचं आणि चेंडू घेणाऱ्याला जागीच धरायचं. तो वेळेवर पोहोचला नाही, तर प्रतिस्पर्ध्याला दहा-पंधरा यार्ड फुकट. हॉलिन्स वर्षानुवर्षं स्पेशल टीम्समध्ये खेळत आलाय. माझ्या मते त्याच्या करारातला सर्वांत भरवशाचा भाग हाच, कारण हे काम क्वार्टरबॅकच्या मर्जीवर चालत नाही.

कामगिरीवरच्या बोनसचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. गेल्या हंगामात गाठलेलं लक्ष्य करारात लिहिलं, तर तो बोनस 'मिळणारच' असं धरून लगेच कॅपमध्ये मोजतात. न गाठलेलं असेल, तर आत्ता मोजत नाहीत. तो मिळालाच तर भार पुढच्या वर्षीच्या कॅपवर. म्हणजे १८ झेलांच्या वर्षानंतर एखाद्या संघाने २५ झेलांवर बोनस ठेवला, तर कागदोपत्री ते 'अवघड' ठरतं, मग त्याआधीच्या वर्षी ५७ झेल का असेनात. पडत्या वर्षानंतरचा खेळाडू संघांना परवडतो, त्याचं हे एक कारण.

बफलोत हॉलिन्सने ३१ झेल, ३७८ यार्ड आणि ५ टचडाउन केले. फेकणारा होता जॉश ॲलन, त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू. सौदा फळला, हे खरं. पण त्याआधीच्या दोन हंगामांत मिळून ७५ झेलांत ४ टचडाउन होते, इथे ३१ झेलांत ५. पुढचा करार करणाऱ्याने पैसे मोजताना सगळ्यांत कमी विश्वास या पाचावर ठेवावा. मार्च २०२५ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी त्याला घेतलं, दोन वर्षांसाठी.