गूगलला तुमची मराठी वाचता येते का?

ठाण्यात, नौपाड्यात दिवाळीचा फराळ विकणाऱ्या एखाद्या दुकानाची वेबसाइट घ्या. चकली, अनारसे, करंज्या, किलोचे दर, सगळं देखणं मांडलेलं. तरी ‘नौपाडा दिवाळी फराळ’ शोधल्यावर दुकानाचा पत्ताच नाही. अशा वेळी ‘पहिल्या पानावर आणतो’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी मजकूर यंत्राला वाचता येतो का, ते बघावं.

गूगलबॉट हा प्रोग्राम एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जात पानं वाचतो. त्यातला मजकूर गूगलच्या सूचीत नोंदला जातो. आपण शोधतो तेव्हा गूगल ही सूचीच चाळतं, त्या क्षणी साइट उघडून बघत नाही. सूचीत नसलेल्या पानाला क्रमांक मिळणार कुठून?

मराठी साइट इथेच मार खातात. दरपत्रक बॅनरच्या चित्रात असेल, तर त्यातल्या अक्षरांवर शोधासाठी भरवसा ठेवता येत नाही. दर साध्या मजकुरात लिहा आणि चित्राच्या आल्ट मजकुरात, म्हणजे चित्रात काय आहे ते यंत्राला सांगणाऱ्या कोडमधल्या ओळीत, ‘भाजणीची चकली, अर्धा किलो’ असं नेमकं वर्णन द्या.

दुसरा दोष जुन्या फॉन्टचा. युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत ‘ठाणे’ म्हणजे ठ, काना, ण आणि मात्रा असे चार संकेत. प्रत्येकाचा क्रमांक जगभर एकच. छपाईसाठी बनलेल्या जुन्या फॉन्टमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. डोळ्यांना ‘ठाणे’ दिसतं, फाइलमध्ये निरर्थक रोमन अक्षरं असतात. पानावरचं एक वाक्य कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. अगम्य अक्षरं उमटली, तर सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल. कन्व्हर्टर वापरलात तरी जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घालाच, चुका तिथेच राहतात.

मजकूर ठीक असूनही पान सापडत नसेल, तर पानाच्या कोडमध्ये ‘नोइंडेक्स’, म्हणजे ‘हे पान सूचीत घेऊ नका’ ही सूचना आहे का बघा. साइट तयार होत असताना वर्डप्रेस या साइट बनवायच्या प्रणालीत शोधयंत्रांना थांबवणारी खूण केली जाते आणि साइट सुरू झाल्यावर ती काढायची राहून जाते. वाचन सेटिंगमध्ये ती एका क्लिकवर निघते. साइटवरच्या, बॉटसाठी नियम लिहिलेल्या रोबोट्स फाइलचं काम वेगळं: ती बॉटला पान वाचू देत नाही, पण बाहेरच्या लिंकमुळे नुसता पत्ता तरीही निकालात येऊ शकतो. दोन्ही एकदम लावले तर बॉट पानापर्यंत पोचतच नाही आणि त्याला नोइंडेक्स दिसत नाही.

मग पानाचं शीर्षक. ‘मुख्यपृष्ठ’ एवढंच लिहू नका. ‘दिवाळी फराळ, नौपाडा, ठाणे’ लिहा. बरेच जण मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात, म्हणून दुकानाचं नाव त्या लिपीतही एकदा असू द्या. तेच शब्द वीस वेळा कोंबणं गूगल स्पॅम धरतं. कीवर्ड मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधली शोधशब्दांची यादी, क्रमवारीत धरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच सांगितलं आहे. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

वेगासाठी गूगलचा निकष असा, की पानावरचा सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांत दिसावा. फोनवरून चढवलेले पाच-पाच एमबीचे फोटो आधी लहान करा.

दुरुस्ती झाली की सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात पानाचा पत्ता टाकून पुन्हा नोंदणीची विनंती करा. त्याला काही दिवसांपासून काही आठवडे लागू शकतात, त्यामुळे फराळाचं पान वसुबारसेला नव्हे, गणपतीतच तयार हवं.