येलच्या तीन टक्क्यांची गोष्ट: एक खुलासा

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातील कारखान्यांत सुपरवायझरांना नेतृत्वाचे धडे देताना एक गोष्ट सांगितली जाते: १९५३ साली येल विद्यापीठातून बाहेर पडलेल्या ज्या ३ टक्के विद्यार्थ्यांनी आपली उद्दिष्टे लिहून ठेवली होती, त्यांची संपत्ती वीस वर्षांनी उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा अधिक भरली. असा अभ्यास झालेलाच नाही. १९९६ मध्ये ‘फास्ट कंपनी’ या मासिकाने शोध घेतला, तेव्हा ही गोष्ट सांगणारे नामवंत वक्ते एकमेकांकडे बोट दाखवत राहिले आणि येलकडेही त्याचा मागमूस सापडला नाही.

खरे संशोधन याहून साधे आणि, माझ्या मते, अधिक उपयोगी आहे. १९७५ मध्ये लॅथम आणि बाल्डेस या संशोधकांनी ओक्लाहोमातील लाकूड वाहणाऱ्या ट्रकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘होईल तेवढे भरा’ एवढेच सांगितले असताना चालक कायदेशीर मर्यादेच्या साधारण ६० टक्केच वजन भरत, मात्र ९४ टक्क्यांचे नेमके उद्दिष्ट मिळाल्यावर हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास गेले. उद्दिष्ट हुकल्यास शिक्षा होणार नाही, हेही त्यांना आधीच सांगितलेले होते. शिफ्टच्या तोंडावर ‘आज रिजेक्शन (नाकारला जाणारा माल) जरा कमी करा’ असे म्हणणाऱ्या सुपरवायझराने लेथवरच्या कामगाराला आकडा सांगितलेलाच नसतो.