हिरव्या तवंगाचे पाणी उकळल्याने निर्धोक होते का?

उन्हाळ्याच्या अखेरीस सातारा-सांगली भागातील एखाद्या तलावावर हिरवा थर साचला की ‘पाणी उकळा, मासा नीट शिजवा, मग काही होत नाही’ असा सल्ला फिरू लागतो. उकळण्याने रोगजंतू मरतात हे खरेच असल्याने तो पटतोही; मात्र येथे प्रश्न जंतूंचा नसून विषाचा आहे. काही नीलहरित शेवाळांत तयार होणारे मायक्रोसिस्टिन हे विष उकळूनही टिकते, उलट उष्णतेने पेशी फुटून आतले विष पाण्यात मिसळते.

गळाला लागलेला मासा जिवंत होता, यावरूनही पाणी चांगले ठरत नाही. रोहू असो वा चिलापी, हे विष मुख्यतः यकृतात आणि आतड्यांत साठते, मांसात तुलनेने कमी. तरीही तवंगाच्या जागी धरलेला मासा टाळणेच बरे. (तेथे मासे मरून तरंगतात ते बहुधा पहाटे पाण्यातला प्राणवायू घटल्याने, तेही खाऊ नयेत.)

प्राथमिक पडताळणी कोणालाही करता येते. काठी बुडवून वर काढल्यावर लांब तंतू लोंबले तर ते बहुधा साधे शेवाळ असते, ओल्या रंगासारखा लेप चढला तर संशय घ्यावा. हातमोजे घालून काचेची बरणी पाऊण भरावी व रात्रभर न हलवता ठेवावी. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर ते नीलहरित असण्याची शक्यता मोठी, कारण त्यांतील अनेकांच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. विष आहे की नाही, हे मात्र प्रयोगशाळाच सांगू शकते, आणि तोवर जनावरेही त्या काठावर पाण्याला नेऊ नयेत.