गिरिभ्रमणाचे बहुउपयोगी घड्याळ

वेळ दाखविण्याखेरीज उंची, हवेचा दाब, दिशा, स्थान, चाललेले अंतर आणि हृदयाचे ठोके यांचा हिशेब देणारे, पाणी व आघात सोसणारे मनगटी घड्याळ. ट्रेकर मंडळी त्याला सरसकट ‘स्पोर्ट्‌स वॉच’ किंवा ‘जीपीएस वॉच’ म्हणतात. उंची, दाब व दिशा एवढेच दाखविणाऱ्या जुन्या धाटणीच्या घड्याळांना ‘एबीसी वॉच’ असे नाव आहे. अल्टिमीटर, बॅरोमीटर आणि कंपास या तीन शब्दांची ती आद्याक्षरे होत. या घड्याळाचे गुणदोष पाहण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, ती म्हणजे त्याच्या पडद्यावरचे बहुतेक आकडे थेट मोजलेले नसतात. घड्याळ हवेचा दाब मोजते आणि त्यावरून उंची काढते, त्वचेवरून परतलेला प्रकाश मोजते आणि त्यावरून नाडी काढते. त्याची उपयुक्तता आणि त्याची चूक बहुधा एकाच ठिकाणी उगम पावतात, आणि ते ठिकाण ज्याला माहीत आहे त्यालाच या वस्तूचा खरा उपयोग होतो.

मनगटावर उंची दाखविण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न यांत्रिक होता. स्वित्झर्लंडच्या फाव्र-ल्युबा या कंपनीने १९६२ मध्ये ‘बिव्हॅक’ हे घड्याळ काढले. त्यात निर्द्रव वायुदाबमापक बसविलेला होता आणि ३,००० मीटरपर्यंतची उंची त्यावर वाचता येत असे. ही कंपनी आपल्याकडे परकी नव्हती. १८६५ पासून तिची घड्याळे हिंदुस्थानात विकली जात होती आणि २०११ मध्ये टायटनने ती विकत घेऊन काही वर्षे चालविली. इलेक्ट्रॉनिक्स आल्यानंतर या क्षेत्रावर जपान आणि फिनलंड यांचा ठसा उमटला. फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२ मध्ये छातीच्या पट्ट्यावरून बिनतारी पद्धतीने नाडी मनगटावर आणली. जपानच्या कॅसिओने १९९० च्या दशकात उंची, दाब व दिशा यांचे संवेदक एकाच घड्याळात बसविले. द्रवभरित होकायंत्रासाठी १९३६ मध्ये स्थापन झालेल्या सून्टो या फिनिश कंपनीचे ‘व्हेक्टर’ १९९८ मध्ये बाजारात आले आणि गिर्यारोहकांत रुळले. उपग्रहावरून स्थान सांगणारे पहिले मनगटी घड्याळ कॅसिओने १९९९ मध्ये काढले. पुढच्याच वर्षी, २ मे २००० रोजी, नागरी वापराच्या जीपीएस संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक अमेरिकेने काढून टाकली, आणि मनगटावर स्थान पाहणे कामाचे ठरले. गार्मिन या कंपनीचे ‘फोररनर’ हे घड्याळ २००३ चे, तर ‘फेनिक्स’ २०१२ चे.

उंचीचा आकडा हे या घड्याळाचे सर्वांत मोलाचे आणि सर्वांत जास्त गैरसमज झालेले वैशिष्ट्य आहे. घड्याळाच्या कडेला दोन-तीन बारीक छिद्रे असतात. त्यांच्यामागे सिलिकॉनचा अतिपातळ पडदा असलेला दाबसंवेदक असतो; हवेचा दाब बदलला की पडदा किंचित वाकतो आणि त्याचा विद्युत रोध बदलतो. समुद्रसपाटीजवळ दाब एक हेक्टोपास्कलने उतरला म्हणजे आपण सुमारे ८.३ मीटर वर आलो, असा हिशेब असतो. चांगला संवेदक जेमतेम मीटरभराचा फरकही टिपतो, त्यामुळे दिवसभरातील चढउताराची बेरीज उपग्रहावरून काढलेल्या उंचीपेक्षा पुष्कळ विश्वासार्ह येते. धुक्यात याचे महत्त्व फार वाढते. सोंडेवरून चढताना कोणत्या उंचीवर उजवीकडे आडवी मारायची आहे हे नकाशावरून ठाऊक असेल, तर चार हातांपलीकडचे दिसत नसतानाही वळायची जागा सापडते.

परंतु हा हिशेब प्रमाण वातावरणावर बेतलेला असतो. समुद्रसपाटीला १०१३.२५ हेक्टोपास्कल दाब व १५ अंश सेल्सिअस तापमान, आणि दर किलोमीटरला साडेसहा अंशांची घट, असे हे वातावरण मानलेले आहे. सह्याद्रीतील हवा त्याहून दहा-पंधरा अंशांनी उबदार असते, आणि उबदार हवा विरळ असल्याने तेवढ्याच चढाला दाब कमी उतरतो. म्हणून हजार मीटरचा चढ अशा घड्याळावर चाळीस-पन्नास मीटरने कमी दिसतो. दुसरी अडचण अधिक रंजक आहे. उष्ण कटिबंधात हवेचा दाब दिवसातून दोनदा भरती-ओहोटीसारखा हलतो. सकाळी दहाच्या सुमारास तो चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला, आणि कोरड्या ऋतूत हा फरक तीन-चार हेक्टोपास्कलांचा असू शकतो. गडाच्या माचीवर सकाळी दहाला घड्याळ काढून दगडावर ठेवले आणि दुपारी चारला पुन्हा पाहिले, तर आकाश निरभ्र असतानाही माची पंचवीस-तीस मीटर वर सरकलेली दिसते. घड्याळ बिघडलेले नसते. समशीतोष्ण देशांत ही दैनंदिन लय इतकी ठळक नसते, आणि मराठी ट्रेकरांनी ती समजून घेतली तर कितीतरी तक्रारी नाहीशा होतील. उपाय सोपा आहे. ठाऊक असलेल्या उंचीवर आकडा जुळवून घ्यावा. कळसूबाईच्या माथ्यावर तो १,६४६ करावा आणि उतरायला लागावे. काही घड्याळे उपग्रहाच्या किंवा साठविलेल्या नकाशाच्या आधारे ही जुळवणी आपोआप करतात.

याच संवेदकावर वादळाची पूर्वसूचना चालते. दाब तीन तासांत साधारण चार हेक्टोपास्कलांनी उतरला की घड्याळ वाजते, असा संकेत अनेक ठिकाणी वापरलेला आहे. आल्प्स पर्वतावर किंवा उत्तर युरोपात, जेथे दुर्गम रानात असताना वाताग्र (थंड व उबदार हवेची सरहद्द) सरकत येते, तेथे हा संकेत खरोखर कामाचा आहे. सह्याद्रीत मात्र चैत्र-वैशाखातला वळीव तास-दोन तासांत उभा राहतो. त्याआधी दाबात फारशी घट होत नाही; उलट ढगातून थंड हवा खाली कोसळते तेव्हा दाब एकदम थोडा वाढतो. घड्याळ गप्प राहते आणि वीज डोक्यावर असते. त्यामुळे पश्चिमेला ढग काळवंडू लागताच माथा व कडा सोडून खाली येण्याचा निर्णय डोळ्यांनीच घ्यावा, या सूचनेवर सोपवू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. शिवाय चढत असतानाही दाब उतरतोच, तेव्हा आपण चढतो आहोत की हवा बदलते आहे हे घड्याळाला ओळखावे लागते आणि त्यात त्याची गल्लत होते. मुक्कामी पोहोचल्यावर घड्याळ दाबमापकाच्या अवस्थेत ठेवून रात्रभराचा आलेख पाहणे हा या सोयीचा सर्वांत चांगला उपयोग होय.

दिशेच्या बाबतीत महाराष्ट्राला एक नैसर्गिक सवलत आहे. चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांतील फरक येथे एक अंशाहूनही कमी असल्याने तो दुरुस्त करण्याची यातायात पडत नाही. मात्र ज्या खडकावर आपण चालतो तो बेसॉल्ट लोहयुक्त खनिजांमुळे स्वतःच थोडाफार चुंबकित असतो, आणि शिखरावरच्या ज्या कातळावर कधी वीज पडलेली असते तेथे हे चुंबकत्व बरेच तीव्र असू शकते. म्हणून कातळाला हात टेकवून वाचलेली दिशा विश्वसनीय नसते. उभे राहून, हात शरीरापासून लांब धरून, दोन-चार पावले सरकून पुन्हा वाचावी. पाठपिशवीच्या छातीपट्ट्यावरची चुंबकी कडी, खिशातला मोबाईल आणि पॉवर बँक हेही काटा ओढतात. हवेत इंग्रजी आठचा आकडा काढत संवेदक पुन्हा जुळवून घेणे ही प्रत्येक सहलीआधीची सवय असावी.

उपग्रहावरून स्थान कळणे ही आज खरेदीदाराची पहिली मागणी असते. तिचा सर्वांत मोठा लाभ परतीच्या वाटेचा आहे. चालत आलेली वाट ठिपक्यांच्या रेघेने पडद्यावर उमटलेली असते, आणि पावसाळी ढग पठारावर उतरल्यावर तीच रेघ धरून मागे फिरता येते. ढोरवाटांचे जाळे पसरलेल्या कोकणपट्टीच्या रानात, जेथे प्रत्येक फाटा सारखाच दिसतो, ही सोय अनमोल आहे. तिच्या मर्यादाही भूगोलाशीच बांधलेल्या आहेत. हरिश्चंद्रगडाला बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींमधून जाते. तेथे आकाशाची जेमतेम एक पट्टी दिसते, उपग्रहांचा संदेश कड्यावर आपटून मग मनगटाशी पोहोचतो, आणि नोंदलेली वाट कधी कातळाच्या आतून तर कधी दरीच्या हवेतून गेल्यासारखी उमटते. एल-१ आणि एल-५ अशा दोन वारंवारता वापरणारी अलीकडची घड्याळे हा दोष बराच कमी करतात, पण त्यासाठी बॅटरी अधिक खर्ची पडते. इतरांनी नोंदवलेले जीपीएक्स ट्रॅक (वाटेच्या नोंदींच्या फाइली) घड्याळात भरून त्यावर विसंबून चालण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. तिच्यातला धोका असा की हिवाळ्यात नोंदलेला ट्रॅक आषाढातला फुगलेला ओढा किंवा नव्याने आलेला घसारा दाखवत नाही, आणि कड्याच्या कडेला वीस मीटरची चूक ही केवळ आकड्यांची चूक उरत नाही. गावातल्या वाटाड्याची जागा हा ट्रॅक घेऊ शकत नाही.

नाडीचे मापन घड्याळाच्या पाठीवरील हिरव्या दिव्यांनी होते. प्रत्येक ठोक्याला त्वचेखालील रक्ताचे प्रमाण कमी-जास्त होते आणि परतणारा प्रकाश त्यानुसार बदलतो. एकसारख्या चालीत हा आकडा ठीक येतो. कातळटप्प्यावर मूठ आवळली, काठ्या रोवत उतरू लागलो किंवा थंडीने त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचल्या, की तो भरकटतो. कधी कधी घड्याळ पावलांची लयच नाडी म्हणून दाखवते. अचूकता हवी असेल तर हृदयाचा विद्युत संदेश टिपणारा छातीचा पट्टा अजूनही वरचढ आहे. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण दाखविण्याची सोय हिमालयात जाणाऱ्यांना आकर्षक वाटते, कारण ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला असतो. पण तेथे बोटे व मनगट गारठलेले असतात आणि मनगटावरचा हा आकडा सहज चुकतो. विरळ हवेचा त्रास लक्षणांवरून ओळखला जातो. डोकेदुखी, मळमळ, तोल जाणे अशी लक्षणे असताना घड्याळावरचा चांगला आकडा पाहून वर चढत राहणे जिवावर बेतू शकते. विश्रांतीचे तास, दमश्वासाची क्षमता वगैरे आकडे तर अंदाजावरचे अंदाज आहेत. आपलीच महिन्या-महिन्याची तुलना करण्यापुरते ते वापरावेत.

तापमानाचा आकडा मनगटावर असेपर्यंत जवळजवळ निरुपयोगी असतो, कारण त्यात शरीराची ऊब मिसळलेली असते. घड्याळ काढून सावलीत अर्धा तास टांगल्यावर तो खरा होतो.

बांधणीतही देवाणघेवाण असते. नीलमणी काचेवर सहजासहजी चरे पडत नाहीत, परंतु टणक असल्याने थेट आघाताने तडकण्याची शक्यता तिच्यात अधिक. झगमगीत, स्वयंप्रकाशी अमोलेड पडदा घरात मोहक दिसतो. परावर्तित प्रकाशावर चालणारा साधा पडदा उन्हात अधिक स्पष्ट वाचता येतो आणि बॅटरीही वाचवतो. स्पर्शपडदा पावसाच्या थेंबांना बोट समजतो, म्हणून सह्याद्रीत पावसाळी भटकंती करणाऱ्याने बटणे असलेलेच घड्याळ घ्यावे. ‘१० एटीएम’ हा शिक्का स्थिर पाण्याच्या शंभर मीटर खोलीइतक्या दाबाची चाचणी सांगतो. त्याचा अर्थ शंभर मीटर खोल बुडी मारावी असा नसून, पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे वेगळे मानक आहे. दाबसंवेदकाच्या छिद्रांत चिखल, घामाचा क्षार किंवा पाण्याचा एखादा थेंब अडकला की उंची एकाच जागी थिजते किंवा एकदम शंभर मीटर उडी मारते. अशा वेळी घड्याळ कोमट गोड्या पाण्यात थोडा वेळ ठेवून हलकेच खळबळावे व आपसूक वाळू द्यावे. टाचणी घालून छिद्र कोरण्याचा मोह आवरावा, कारण आतला पडदा त्यानेच फाटतो.

घड्याळ फोनमार्फत कंपनीच्या दूरच्या संगणकांशी जोडलेले असल्याने काही दोष डोंगराबाहेर उद्‌भवतात. जुलै २०२० मध्ये गार्मिनवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस वापरणाऱ्यांना आपल्या नोंदी पाहता आल्या नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये धावण्या-चालण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या सेवेच्या जागतिक नकाशावरून सैनिकांच्या धावण्याच्या वाटा आणि त्यांवरून लष्करी तळ ओळखू येत असल्याचे उघड झाले. घराच्या दारापासून नोंद सुरू करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या वाटेची टोके झाकण्याची सोय चालू ठेवावी. उपग्रहाद्वारे संदेश पाठविणाऱ्या घड्याळांची गोष्ट आणखी वेगळी आहे. जीपीएस केवळ ऐकते, त्यावर बंधन नाही. मात्र उपग्रहाला संदेश पाठविणारी साधने भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, आणि डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर अशा हातात मावणाऱ्या साधनामुळे परदेशी प्रवाशावर कारवाई झाली होती. परदेशातून घड्याळ मागविणाऱ्या किंवा भेट आणणाऱ्या आप्तांना ही बाब आधीच सांगून ठेवणे आवश्यक आहे.

किंमत काही हजार रुपयांपासून लाखापर्यंत जाते. महिन्यातून एखादा किल्ला करणाऱ्याला दाबसंवेदक, बटणे आणि परतीची रेघ एवढे पुरते. नकाशे, गाणी व पैसे देण्याच्या सोयी वाढवत नेल्या की किंमत चढते, पण धुक्यात त्यांचा फारसा आधार होत नाही. आयुष्याच्या दृष्टीने जुनी एबीसी घड्याळे आजही सरस आहेत. त्यांतील बटणसेल बाजारातल्या घड्याळजीकडे मिळतो आणि रबरी कडी नवी टाकून झाकण घट्ट केले की घड्याळ पुन्हा वर्षभर चालते, तर उपग्रहाच्या घड्याळातील लिथियम बॅटरी बंद कवचात असते, थंडीत लवकर उतरते आणि काही वर्षांनी तिची धारणशक्ती घटल्यावर बहुधा अख्खे घड्याळच बदलावे लागते.