आठ बिटांची धूळ

घरात रेकॉर्ड प्लेअर असलेल्या पिढीतल्या बहुतेक पोरांनी एक उद्योग केलेला असतो. मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी लावायची आणि बाजूची कळ गुपचूप ४५ वर सरकवायची. शांतपणे भावगीत म्हणणारी बाई एकदम चिवचिवायला लागायची, आम्ही भावंडं लोळून हसायचो आणि आतून वडील ओरडायचे, "सुई खराब होईल रे!" त्याच कळीच्या खोडीतून इंग्लंडात एका अख्ख्या संगीताने आपला आवाज कमावला, हे मला फार उशिरा कळलं.

ते संगीत म्हणजे ब्रेकबीट हार्डकोर. १९९० ते १९९३ या तीन-चार वर्षांत लंडन-एसेक्सकडची पोरं रिकामी गोदामं आणि शेतं गाठून रात्रभर त्यावर नाचली. रेव्ह, म्हणजे असा रात्रभराचा नाच, म्हटलं की आपल्याला गोव्यातला अंजुणा किनारा आठवतो, पण तिथलं ट्रान्स संगीत वेगळ्या घराण्याचं. त्यात किक ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, प्रत्येक मात्रेवर सरळ पडतो, हातोडा मारल्यासारखा. हार्डकोरमधला ठेका मोडलेला, तिरका. मे १९९२ मध्ये कॅसलमॉर्टनच्या माळावर हजारोंचा जमाव कित्येक दिवस ठाण मांडून बसला आणि १९९४ मध्ये सरकारने कायदाच आणला. त्यात रेव्हच्या संगीताची व्याख्या होती: एकामागून एक पुन:पुन्हा येणारे ठोके हे ज्याचं मुख्य लक्षण, असे आवाज. या व्याख्येत आपलं विसर्जन मिरवणुकीतलं ढोलपथकही आरामात बसेल.

गंमत पुढे आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत हे संगीत, आणि त्याच्याच पोटी जन्मलेलं 'जंगल' नावाचं संगीत, नव्याने बनायला लागलंय. लंडनचा टिम रीपर, नेदरलंड्सचा कोको ब्राइस, ब्रिटनची निया आर्काइव्ज. यातली निया तर तो काळ सरल्यावर जन्मलेली. तरीही त्यांचा एखादा नवाकोरा ट्रॅक लावा, दोन सेकंदांत कान सांगतो, हे जुनं आहे. ज्यांनी तो काळ पाहिलाच नाही त्यांच्याही पोटात काहीतरी हलतं. असं का व्हावं?

सरळ उत्तर म्हणजे आठवणी. २०१३ मध्ये कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक या संशोधकांनी विशीतल्या विद्यार्थ्यांना १९५५ पासूनची लोकप्रिय गाणी ऐकवली. स्वतःच्या वयाच्या गाण्यांशी त्यांच्या आठवणी घट्ट जोडलेल्या निघाल्या, त्यात नवल नाही. पण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या गाण्यांपाशीही एक उंचवटा मिळाला, आणि तेव्हा त्यांचे आईवडील विशीत होते. म्हणजे घरात, गाडीत कानावर पडलेलं आईबापांचं तारुण्य मुलांच्या आठवणीत उतरतं. मला हे पटतं, पण पुरत नाही. रेव्हची गाणी काही सकाळी चहाबरोबर रेडिओवर लागत नव्हती. मला वाटतं, उत्तराचा मोठा भाग डोक्यात नाही, आवाजातच आहे. तो मोजताही येतो.

सुरुवात सात सेकंदांपासून करू. १९६९ मध्ये विन्स्टन्स नावाच्या अमेरिकन बँडने एक तबकडी काढली. तिच्या मागच्या बाजूला 'आमेन, ब्रदर' ही वाद्यरचना होती. मध्येच बाकीची वाद्यं थांबतात आणि ग्रेगरी कोलमन एकटाच ड्रम वाजवतो. चार आवर्तनं, जेमतेम सात सेकंद. पहिली दोन आवर्तनं सरळ. तिसऱ्यात स्नेअरचा, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचा, एक ठोका अर्ध्या मात्रेने उशिरा पडतो. चौथ्यात तर तो पहिली मात्राच रिकामी सोडतो, म्हणजे आपल्या भाषेत समच खातो, आणि पुढे झांज अपेक्षेआधी आदळवतो. तबल्याच्या बैठकीत कुणी असं केलं असतं तर पुढच्या रांगेतून 'क्या बात है' आलंच असतं.

या तुकड्याला म्हणतात आमेन ब्रेक. तो पुढे हजारो गाण्यांत कापून वापरला गेला. कोलमनला त्याचा एक पैसा मिळाला नाही. २००६ मध्ये तो गेला तेव्हा त्याला राहायला घर नव्हतं. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४ हजार पौंड दिले, तीच काय ती परतफेड.

अंग हलतं ते नेमकं या मोडतोडीमुळे. मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये असेच ड्रमचे तुकडे लोकांना ऐकवून विचारलं, किती नाचावंसं वाटतं? अगदी सरळ ठेक्याला कमी गुण मिळाले, फार गुंतागुंतीच्या ठेक्यालाही कमी. मधल्याला सर्वांत जास्त. मेंदू पुढचा ठोका कुठे पडणार याचा सतत अंदाज बांधत असतो. अंदाज थोडासा चुकला की ती रिकामी जागा अंगाने भरून काढावीशी वाटते. पूर्ण चुकला तर माणूस नाद सोडतो.

आता हे सात सेकंद संगणकात घालायचे. १९९१-९२ मध्ये बऱ्याच पोरांकडे होता घरगुती अमिगा ५००, मूळ स्मरणशक्ती ५१२ किलोबाइट. सीडीच्या दर्जाचा आवाज साठवायचा तर सेकंदाला ४४,१०० वेळा त्याच्या लहरीची उंची मोजावी लागते आणि प्रत्येक मोजमापाला दोन बाइट लागतात. एकपदरी आवाज धरला तरी सेकंदाला ८८ किलोबाइट. हिशेब करा: अख्खा अमिगा रिकामा करून दिला तरी सहा सेकंदसुद्धा मावत नाहीत. आमेन आहे सातचा!

मग काटकसर. पहिली काटकसर मोजण्यात. ४४,१०० ऐवजी सोळा-साडेसोळा हजार वेळाच मोजायचं. पण इथे निसर्गाचा एक नियम आडवा येतो: जितक्या वेळा मोजाल त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचाच आवाज नीट पकडता येतो. साडेसोळा हजारांच्या निम्मे सव्वाआठ हजार. त्यावरचे आवाज आधीच गाळून टाकले नाहीत तर ते नाहीसे होत नाहीत, दुमडून खाली येतात. झांजेतला १०,००० हर्ट्झचा सूर ६,५०० हर्ट्झ होऊन परत उगवतो. फिरत्या पंख्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला की पाती उलटी, सावकाश फिरताना दिसतात ना, तोच हा प्रकार, डोळ्यांऐवजी कानाला. अमिगाला जोडायच्या स्वस्त सँपलर डब्यांपैकी, म्हणजे आवाज मोजून साठवणाऱ्या यंत्रांपैकी, अनेकांत ही गाळणी नव्हतीच. त्यामुळे झांज वाजली की तिच्यासोबत तिच्या सुराशी नातं नसलेली एक पत्र्यासारखी किरकिर यायची.

दुसरी काटकसर पायऱ्यांची. सीडीत लहरीची उंची ६५,५३६ पायऱ्यांवर मोजतात, कारण ती १६ बिटांची आणि दर बिटाला पायऱ्या दुप्पट होतात. अकाई एस९५० हा स्टुडिओतला लाडका सँपलर १२ बिटांचा, म्हणजे ४,०९६ पायऱ्या. आणि अमिगा ८ बिटांचा, फक्त २५६. मोठ्या ठोक्यांत हे लपून जातं. पण झांजेचा आवाज विरत जातो तेव्हा शेवटी दोन-तीनच पायऱ्या उरतात आणि मऊ शेपटीऐवजी खरखरीत धूळ ऐकू येते. दर बिटामागे आवाज आणि खरखर यांच्यातलं अंतर सुमारे ६ डेसिबलने वाढतं. सीडीला ९६ मिळतात, अमिगाला ४८. त्यात वाजवायला चॅनेल चारच. पाचवा आवाज आला की आधीच्या एकाचा गळा दाबावा लागे. 'सम जस्टिस' हा अर्बन शेकडाउनचा १९९२ चा गाजलेला ट्रॅक दोन अमिगांवर बनलेला आहे, त्याचं कारण हेच.

तिसरी काटकसर म्हणजे आमची लहानपणची कळ. ३३ ची तबकडी ४५ वर वाजवून साठवली की सात सेकंदांचं काम सव्वापाच सेकंदांत होतं. मग यंत्रात हवा तेवढा वेग उतरवायचा. नाचणाऱ्यांना दरवर्षी जास्त वेग हवा होता: १९९१ मध्ये मिनिटाला १३० च्या आसपास ठोके, १९९३ पर्यंत १६०. आमेन मुळात १३७ च्या आगेमागे. तो १६० ला पळवला की सूरही जवळजवळ तीन अर्धस्वरांनी चढतो, कारण या यंत्रांत वेग आणि सूर एकाच दोरीला बांधलेले. त्या ड्रमला टणक, आखूड, चामडं ओढून ताणल्यासारखा नाद येतो तो असा.

बायकांच्या आवाजाचं तर विचारूच नका. गळ्यापासून ओठांपर्यंतची पोकळी ही बासरीसारखी नळी आहे. प्रौढ बाईची साधारण १४ सेंटीमीटर. गाणं १.३५ पट पळवलं की नुसता सूर चढत नाही, त्या नळीचे अनुनादही तितकेच वर सरकतात आणि कानाला वाटतं नळी साडेदहा सेंटीमीटरची आहे, म्हणजे लहान मुलाची. मोठ्या बाईचं विरहाचं गाणं, मोठ्या बाईचा श्वास आणि लहान मुलाचा गळा. हार्डकोरमधला तो वेडा, रडवा आनंद बराचसा या विसंगतीतून येतो असं माझं मत. आम्ही भावंडं हसत होतो तेही यालाच, फक्त आम्हाला रडू येत नव्हतं.

कान या सगळ्याची बेरीज करतो. कापलेली झांज, दुमडलेले सूर, शेपटीतली धूळ, मुलाचा गळा. यातलं एकही गाणाऱ्याने किंवा वाजवणाऱ्याने केलेलं नाही, सगळं स्मरणशक्तीच्या टंचाईने केलंय. पिवळ्या पडलेल्या फोटोत कोण आहे हे माहीत नसतानाही तो जुना असल्याचं कळतं, तसंच हेही कळतं.

आजच्या फोनमध्ये त्या अमिगाच्या हजारो पट जागा आहे. टंचाई संपली, तर नव्या लोकांनी ती विकत घ्यायला सुरुवात केली. बिट कमी करणारी, सूर दुमडणारी सॉफ्टवेअरं मिळतात. लंडनचा पीट कॅनन तर आजही खराखुरा अमिगा टेबलावर मांडून बसतो. अशा यंत्रातून निघालेला ट्रॅक शेवटी २४ बिटांच्या फाइलमध्ये उतरवता येतो. त्या फाइलमध्ये पायऱ्या असतात १,६७,७७,२१६. इतक्या पायऱ्यांवर अत्यंत काळजीपूर्वक, एकही कण न सांडता नोंदवली जाते, ती त्या २५६ पायऱ्यांची खरखर.