पाठ बदलणारा कॅमेरा: डिजिटल बॅकमागची पार्श्वभूमी

वरूडला मामांच्या स्टुडिओत लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात पंधरा वॉटचा एक बल्ब पावसाळाभर रात्रंदिवस चालू असायचा. लेन्सला बुरशी लागू नये म्हणून. लोडशेडिंगमध्ये दिवे गेले की घरात लोक मेणबत्ती शोधायचे, मामा आधी कपाट उघडून बघायचे. त्या खणात दोन कॅमेरे होते. एक दोन डोळ्यांचा याशिका आणि दुसरा मामिया आरबी६७. हा दुसरा इतका जड, की मोहल्ल्यातली पोरं त्याला 'वरवंटा' म्हणायची.

स्टुडिओ केव्हाच बंद झाला. कॅमेरे राहिले. दोन वर्षांपूर्वी मामांनी विषय काढला, "मांगचं झाकण काढलं न् डिजिटलचं लावलं, झालं. यात काय अवघड हाये?"

अवघड काय आहे ते समजायला बरंच मागे जावं लागतं. डिजिटल बॅक, म्हणजे फिल्मऐवजी कॅमेऱ्याच्या मागे लावायची डिजिटल पाठ, कोणती घ्यावी हा प्रश्न आजचा वाटतो, पण अर्धं उत्तर कॅमेरा घडवणाऱ्याने पन्नास-सत्तर वर्षांपूर्वीच देऊन ठेवलेलं असतं. फिल्म कॅमेऱ्याच्या पोटात ठेवायची की पाठीवर वेगळ्या डब्यात, हे त्याने ठरवलं तिथेच.

१२० चा रोल कोडॅकने १९०१ साली आणला. आजही तोच रोल, तीच रुंदी, मागे तोच काळा कागद. त्यावर सहा बाय सहाच्या १२ चौकटी बसतात, सहा बाय सातच्या १०. आपल्याकडे हा रोल घरोघरी नेला तो बडोद्याला बनणाऱ्या आग्फा क्लिक-३ ने, आणि पुढे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या 'इंदू' ब्लॅक अँड व्हाइट फिल्मने. तालुक्याच्या स्टुडिओवाल्याचा कॅमेरा मात्र बहुधा दोन डोळ्यांचा. वरच्या लेन्सने बघायचं, खालच्या लेन्सने काढायचं. १९२९ च्या रोलायफ्लेक्सने ही घडण रूढ केली आणि याशिकाने ती स्वस्त केली. मजबूत, कमी आवाजाचा, हाताला सोपा कॅमेरा. पण त्याचं मागचं झाकण म्हणजे नुसतं झाकण. रोल, तो पुढे सरकवणारे रूळ, फिल्म दाबून धरणारी पट्टी, सगळं पोटात. झाकण काढलं तर मागे उघडी पोकळी उरते, दुसरं काही अडकवायला खाचच नाही.

म्हणून विदर्भातल्या जुन्या स्टुडिओंमधून निघणाऱ्या बहुतेक मीडियम फॉरमॅट, म्हणजे १२० च्या रोलवर चालणाऱ्या, कॅमेऱ्यांना बाजारातली डिजिटल बॅक बसतच नाही. याशिकाचा विषय मामांपुरता तिथेच मिटला. त्यात फिल्मच घालावी. वाद नाही.

दुसरी वाट स्वीडनमधून आली. गोटेनबर्गच्या व्हिक्टर हासेलब्लाड यांनी १९४८ साली १६००एफ हा कॅमेरा दाखवला. लेन्स वेगळी, बघायचा भाग वेगळा आणि फिल्मचा डबाही वेगळा. डब्याला मॅगझिन म्हणतात. डबा आणि कॅमेरा यांच्यामध्ये पातळ पत्र्याची डार्क स्लाइड सरकवली, की अर्धा रोल तसाच ठेवून दुसरा डबा लावता येतो. १९५७ च्या ५००सी मध्ये ही रचना पक्की झाली. तिचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण चंद्रावरचं. अपोलोच्या अंतराळवीरांनी वजन वाचवायला कॅमेरे तिथेच सोडले आणि फक्त मॅगझिन घेऊन परतले. डिजिटलच्या जमान्यात हिशेब उलटा झाला. कॅमेरा टिकतो, पाठच दर काही वर्षांनी टाकून द्यावी लागते.

मामियाचा आरबी६७ १९७० चा. आरबी म्हणजे 'रिव्हॉल्व्हिंग बॅक', फिरणारी पाठ. फोटो आडवा हवा की उभा, त्याप्रमाणे कॅमेरा न हलवता मागचा डबाच फिरवायचा. सगळं यांत्रिक, बॅटरी नावाला नाही. शटर लेन्सच्या आतच. जपानी अभियंत्यांनी हे स्टुडिओतल्या पोर्ट्रेटसाठी केलं होतं, त्यांच्या डोक्यात डिजिटल असण्याचं कारणच नव्हतं. पण निघू शकणारी पाठ दिल्यामुळे नकळत पुढच्या काळासाठी एक दार उघडं राहिलं.

त्या दारातून आत काय आलं, ते आता.

प्रकाशाची वीज करणारी सीसीडी ही चिप, म्हणजे एक प्रकारचा सेन्सर, १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सुचवली. त्याबद्दल २००९ साली त्यांना नोबेल मिळालं. मीडियम फॉरमॅटच्या पाठीवर ती पहिल्यांदा नीट बसवली लीफ या कंपनीने, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. २०४८ बाय २०४८ बिंदू, म्हणजे जेमतेम चार मेगापिक्सेल. रंगीत फोटोसाठी लेन्सपुढे लाल, हिरवी, निळी काच फिरवून तीनदा एक्स्पोजर घ्यायचं, आणि शेजारी संगणक वायरीने जोडलेला. माणूस तीन एक्स्पोजर होईपर्यंत दगडासारखा बसणार थोडाच! त्यामुळे ही पाठ दागिने, भांडी, कॅटलॉग यांच्याच कामाची राहिली. मोहल्ल्यातल्या बारशाला तिचा उपयोग शून्य.

एका एक्स्पोजरमध्ये रंगीत फोटो देणाऱ्या बॅक नव्वदीच्या दुसऱ्या अर्ध्यात आल्या. १९९३ साली सुरू झालेल्या डेन्मार्कच्या फेज वनची लाइटफेज १९९८ ची, सहा मेगापिक्सेलची. मग कोडॅकचा सोळा मेगापिक्सेलचा चौकोनी सेन्सर आला, ३७ बाय ३७ मिलिमीटरचा. मग ३६ बाय ४८ चा बावीस मेगापिक्सेलचा, मग एकोणचाळीसचा. वायर सुटली, कार्ड आलं. हासेलब्लाडने २००६ मध्ये आपल्याच जुन्या ५०० मालिकेसाठी सीएफव्ही नावाची बॅक काढली. २०१४ मध्ये सोनीचा पन्नास मेगापिक्सेलचा सीमॉस या दुसऱ्या जातीचा सेन्सर आला, ४४ बाय ३३ मिलिमीटरचा, आणि खेळ पालटला. सीसीडी ५० ते १०० आयएसओवर (आयएसओ म्हणजे उजेडाला संवेदनशीलतेचं माप) सुंदर चालायची, ४०० च्या पुढे फोटोत माती कालवायची. सीमॉसने अंधारातही काम दिलं, आणि मागच्या पडद्यावर जिवंत चित्रही.

हे जिवंत चित्र चैनीचं वाटेल, पण जुन्या कॅमेऱ्याला त्याची गरज जास्त. फिल्म थोडी वाकते, तिच्या जाडीत थोडी चूक पचून जाते. सेन्सर काचेसारखा सपाट आणि निर्दय. पन्नास मेगापिक्सेलच्या त्या सेन्सरवर एक बिंदू ५.३ मायक्रॉनचा. तीस-चाळीस वर्षांत आरसा केसभर सरकला असेल, फोकसची काच कुणी उलटी बसवली असेल, तर फिल्मवर ते कधी कळलंच नसतं. सेन्सरवर पापणीऐवजी कान शार्प येतो. पडद्यावर चित्र दिसलं तर निदान चूक कुठे आहे हे तरी समजतं.

आता मापाचा प्रश्न, ज्यावर विकणारे घाईघाईने बोलतात. आरबीच्या फिल्मची चौकट साधारण ५६ बाय ७० मिलिमीटर, कर्ण नव्वदच्या आसपास. त्यामागे ४४ बाय ३३ चा सेन्सर लावला तर कर्ण ५५. म्हणजे चित्राचा मधला तुकडाच मिळतो, आणि प्रत्येक लेन्स दीडपटीहून लांबची झाल्यासारखी वागते. नव्वद मिलिमीटरची नेहमीची लेन्स एकदम १४५ ची वाटू लागते. गोल फुगीर चित्र देणारी फिशआय सोडली तर आरबीची सगळ्यात रुंद लेन्स ५० ची. तीही ८० सारखी, म्हणजे जवळपास नॉर्मल. चेहऱ्याच्या फोटोला यात फायदाच आहे. पण आपल्याकडे माणूस एकटा फोटो काढायला येतो कुठे?

हासेलब्लाडवाल्यांची अडचण वेगळी. त्यांची चौकट चौकोनी, त्यामुळे कॅमेरा आडवा करायची वेळ कधी आलीच नाही. बघायचं वरून, मान खाली घालून. त्यावर आयताकृती सेन्सर बसवला आणि उभा फोटो हवा असला, की कॅमेरा कुशीवर पाडावा लागतो आणि बघायची खिडकी भिंतीकडे तोंड करते. काही बॅक काढून उभ्या लावता येतात, सगळ्या नाही. म्हणून सोळा मेगापिक्सेलच्या चौकोनी जुन्या बॅकला अजून गिऱ्हाईक आहे. आकडा लहान म्हणून तिला हसू नये. आरबीत आडवं-उभं फिरण्याची सोय मुळातच आहे, पण मधली अ‍ॅडॉप्टर प्लेट ती सोय राखते की गिळते, हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावं. प्रत्येक बॅक एका ठरावीक कॅमेऱ्याच्या खाचेला बेतलेली असते आणि आरबीला ती प्लेटशिवाय बसत नाही.

आणि वायर. हासेलब्लाडच्या जुन्या मॅगझिनला कॅमेऱ्याकडून फक्त एका दातेरी चाकाची हालचाल हवी असायची. डिजिटल बॅकला 'आता उघड' असा निरोप विजेने द्यावा लागतो. आरबीत तो निरोप लेन्सच्या फ्लॅशच्या भोकातून वायरीने येतो. त्यातही बॅक झोपलेली असली तर निरोप पोचेपर्यंत शटर मिटलेलं असतं. काही बॅकना जागं ठेवायची सोय असते, मग बॅटरी भराभर खाली बसते.

आम्ही यातलं निम्मं ठेच खाऊन शिकलो. मागच्या उन्हाळ्यात एका विक्रेत्याकडून बावीस मेगापिक्सेलची जुनी सीसीडी बॅक मागवली. फोनवर 'ऑल ओके' होतं. खोक्यात बॅक होती, प्लेट होती, लेन्सची वायर नव्हती. ती यायला तीन आठवडे गेले, तोवर मे उजाडला. दुपारी बाहेर पारा पंचेचाळीस, कूलरचं पाणी आटलेलं. मामांनी अंगणातल्या सावलीत पहिला फोटो घेतला. पडद्यावर माझ्या चेहऱ्याच्या काळ्या बाजूला लाल-निळे ठिपके, जणू कुणी रांगोळी भुरभुरली. मामा म्हणाले, "तुले गोवर निघाला का बे?"

बॅक बिघडलेली नव्हती. सीसीडीमध्ये उजेड नसतानाही थोडी वीज आपोआप साठते आणि तापमान दर सात-आठ अंश वाढलं की ती जवळजवळ दुप्पट होते. वीस अंशांच्या स्टुडिओसाठी बनवलेली वस्तू वऱ्हाडात मे महिन्यात वापरली तर आणखी काय होणार? पहाटे पाच वाजता तीच बॅक स्वच्छ फोटो देते. मामांना यात नवल वाटलं नाही. उन्हाळ्यात ते रोलही पहाटेच धुवायचे. रोल धुण्याच्या रसायनाला, डेव्हलपरला, वीस अंश लागतात आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहाच्या वाटेवर असतं. म्हणून रात्री माठात पाणी भरून ठेवायचं, पहाटे तेच वापरायचं.

दिवाळीनंतर दुसरी तक्रार. कापूस वेचणीचा हंगाम, जिनिंगचे ट्रक रस्त्यावर, हवेत रुईचे तंतू. आकाशात एक वाकडी रेघ सगळ्या फोटोंत त्याच जागी. बॅक काढून तिरप्या उजेडात धरली तर काचेवर पापणीएवढा तंतू चिकटलेला. रबरी फुग्याने फुंकलं, गेला. इथे बॅक बरी. बॅक काढली की काच पूर्ण समोर, आजच्या कॅमेऱ्यासारखं आत बोट घालायला नको.

घेताना माझं मत एवढंच बनलं आहे, की मेगापिक्सेलआधी मरणारे भाग बघावेत. बॅटरी आज मिळते का? कार्ड कोणतं? फाइल उघडणारं सॉफ्टवेअर आजच्या संगणकावर चालतं का? फायरवायरचं, म्हणजे जुन्या धाटणीच्या वायरीचं, भोक असलेला लॅपटॉप तालुक्यात कुणाकडे आहे? २००० च्या सुमारास जी बॅक नुसती संगणकाला बांधून चालायची, ती आज फुकट मिळाली तरी महाग. स्वतःचं कार्ड आणि पडदा असलेली घ्यावी. कोडॅकने आपला सेन्सरचा धंदा २०११ मध्ये विकला आणि २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या काळच्या बॅकच्या सुट्या भागांची आशा त्यावरून ओळखावी. हासेलब्लाडने मात्र २०२४ मध्ये शंभर मेगापिक्सेलची सीएफव्ही १००सी काढली आणि ती १९५७ नंतरच्या बहुतेक ५०० मालिकेच्या कॅमेऱ्यांना लागते. किंमत ऐकून मामांनी संत्र्याच्या बागेकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत.

डिसेंबरात मामेबहिणीचा साखरपुडा होता. वरवंटा तिकाटीवर चढला, मागे डिजिटल पाठ, पुढे नव्वदची लेन्स. ओसरीवर दोन्हीकडची मिळून तेवीस माणसं. मामा मागे सरले, तुळशीवृंदावन ओलांडलं, मग विहिरीचा काठ, मग गोठ्याच्या कुडाला पाठ टेकली. दोन्ही टोकांचे काका अजून चौकटीबाहेरच.

मामांनी बॅक प्लेटसकट काढून माझ्या हातात दिली, पिशवीतून फिल्मचं जुनं मॅगझिन काढलं, खटकन बसवलं, डार्क स्लाइड ओढली आणि चार पावलं पुढे आले. तेवीसच्या तेवीस माणसं काचेत. रोल सकाळीच भरलेला होता. मला कळू न देता. दहा फोटो झाले, आणि रात्री झोपण्याआधी मामींनी माठ भरला का, हे त्यांनी दोनदा विचारलं.